आयटीआयच्या पासची पार्श्वभूमी: सवलत तिकिटाला मिळाली, फेरीला नाही

ग्रामीण महाराष्ट्रात आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींचा प्रवास आजही मुख्यतः एसटीच्या मासिक पासवर चालतो. या पासमागचा पैसा कुठून येतो आणि तो कुठे कमी पडतो, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. विद्यार्थ्यांना सवलत देणे हे पुढे महामंडळाच्या सामाजिक जबाबदारीचाच भाग झाले. तालुक्याला शिकणाऱ्या मुलाचा जेवणाचा डबा घरून एसटीने फुकट पाठवता यावा, अशी सोयसुद्धा सवलतींच्या यादीत आहे. पासवर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे विद्यार्थी एक तृतीयांश भरतो. शैक्षणिक आणि तांत्रिक-व्यावसायिक, दोन्ही शिक्षणांना टक्का हाच. उरलेले दोन तृतीयांश राज्य सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात.

पूर्ण मोफत प्रवास आला तो मुलींसाठी. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून मोफत पास मिळू लागला. सुरुवातीला मर्यादा दहावीची होती, नंतर ती बारावीपर्यंत गेली. शिक्षण हक्क कायदा २००९चा. तो चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेच्या २०२१-२२ पासूनच्या टप्प्यात वर्षाला ६,००० रुपयांपर्यंतचा वाहतूक खर्च माध्यमिक स्तरापर्यंत नेला गेला. प्रत्येक वेळी मोजपट्टी इयत्तेचीच राहिली. आयटीआयच्या वर्गाला इयत्ता नसते. दहावी झालेल्या दोन मैत्रिणी एकाच थांब्यावरून एकाच गाडीत चढतात. अकरावीत गेलेलीला मोफत पासची योजना आहे, आयटीआयत ड्राफ्ट्समनच्या ट्रेडला, म्हणजे अभ्यासक्रमाला, गेलेली त्या योजनेच्या चौकटीत बसत नाही. कौशल्य हवे म्हणून रोज सांगणाऱ्या राज्यात हा भेद इतकी वर्षे टिकावा, हे खटकते.

त्यात खातीही वेगवेगळी. एसटी परिवहनकडे, शाळा शालेय शिक्षणकडे, आयटीआय कौशल्य विकासकडे. आयटीआयचे विद्यावेतन तर कित्येक वर्षे महिन्याला ४० रुपये होते. ते ५०० करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने नंतर घेतला. दुसरीकडे २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते, आणि पासची रक्कम भाड्यावरून निघते. त्यामुळे दरवाढीचा एक तृतीयांश भार थेट विद्यार्थ्यावर येतो. गाव जितके लांब, तितका तो जास्त.

गाडीच विकत घेऊन देणारी योजना एकच म्हणावी लागेल, मागास तालुक्यांसाठीच्या राज्याच्या मानव विकास मिशनची. २०११ मध्ये मिशन २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत पसरले आणि शाळकरी मुलींसाठी निळ्या बसगाड्या आल्या, पुढे तालुक्यामागे सात. पण त्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी, आणि वेळापत्रक शाळेच्या घंटेवर.

खरी अडचण इथेच आहे. पास खिशात असतो, गाडी नसते. आयटीआयत दोन पाळ्या असतील तर पहिली सकाळी लवकर सुरू होते, दुसरी संध्याकाळी सुटते. सकाळची वेळ गाठायची तर गावात मुक्कामी गाडी हवी, म्हणजे चालक-वाहक रात्री गावातच थांबून पहाटे निघणारी. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाचा फटका अशा फेऱ्यांनाही बसला. एरवीही आगार फेरी जोखते ती भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर, आणि प्रति किलोमीटर उत्पन्नावर. पहाटेची गाडी येताना भरून येते, जाताना रिकामी जाते. शिवाय पासधारकाच्या भाड्यातले दोन तृतीयांश प्रतिपूर्तीतून यायचे, तेही उशिरा. कागदावर अशी फेरी तोट्यातच दिसते. गाडी चुकली की प्रात्यक्षिक बुडते, आणि परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते.

प्रवेशाचे वेळापत्रकही आड येते. शाळेच्या बसफेऱ्या जूनमध्ये लागतात. आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतरही चालू असतात. त्यामुळे आगाराच्या हिशेबात ही मुले नसतातच.

म्हणून प्रवेश पूर्ण होताच संस्थेने गावनिहाय यादी करावी: थांबा, ट्रेड, पाळी, येण्या-जाण्याची वेळ. पाससाठी लागणारे बोनाफाईड दाखले एकेकट्याला देत बसण्यापेक्षा एकत्र द्यावेत. २०२४ पासून एसटीने पास शाळा-महाविद्यालयांत जाऊन देण्याची मोहीम घेतली आहे, तिच्यात आयटीआयचे नाव आगारात आधीच नोंदवावे. फेरीची मागणी आगार व्यवस्थापकाकडे लेखी द्यावी, प्रत विभाग नियंत्रकाला, सोबत मार्गावरच्या ग्रामपंचायतींचे ठराव. नवी फेरी मागितली की गाडी आणि चालक नाहीत असे उत्तर येते. चालू फेरीची वेळ वीस मिनिटे अलीकडे घ्या किंवा ती पुढच्या थांब्यापर्यंत वाढवा, अशी मागणी मान्य होणे सोपे. मात्र त्याच गाडीवर अवलंबून असलेल्या शाळेला आधी विचारावे, नाहीतर पंधरा दिवसांत तिकडून तक्रार येऊन वेळ पुन्हा पूर्वीची होते.