राजदूत सम्राटाचा, पण माणूस कुणाचा?

१८५१ साली ऑस्ट्रियाच्या सरकारने ज्युला आंद्राशी या हंगेरियन बंडखोराला फाशी सुनावली. तो आधीच परदेशी निसटला होता, म्हणून फाशी झाली ती नावापुरती. वीस वर्षांनी हाच आंद्राशी त्याच सम्राटाचा, फ्रान्झ जोसेफचा, परराष्ट्रमंत्री झाला!

१८६७मध्ये सम्राट आणि हंगेरी यांच्यात झालेल्या तडजोडीनंतर ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांची सरकारं वेगळी झाली. परराष्ट्र व्यवहार, लष्कर आणि त्यांचा खर्च तेवढा सामायिक राहिला. प्रजा १९१०मध्ये पाच कोटींच्या आसपास, जर्मन भाषक त्यात पावभरही नाहीत. बाकी मग्यार (म्हणजे हंगेरियन), झेक, पोल, क्रोएट, रुमानियन आणि कितीतरी.

अशा साम्राज्याच्या राजदूताची राष्ट्रनिष्ठा मोजायची कशी? जनगणनेत भाषा विचारत, राष्ट्रीयत्व नाही. आठवणी बहुतेकांनी साम्राज्य बुडाल्यावर लिहिल्या, तेव्हा त्यांवरही फार विसंबता येत नाही. त्यातल्या त्यात बरी कसोटी एकच: आपल्या लोकांची इच्छा आणि साम्राज्याचं धोरण आमनेसामने आलं, तेव्हा माणूस कसा वागला?

आगेनोर गोउखोव्स्की पोलिश सरदार. पोलंडचा सर्वांत मोठा तुकडा रशियाच्या ताब्यात होता, तरी परराष्ट्रमंत्री म्हणून त्याने १८९७मध्ये रशियाशीच बाल्कनबाबत समझोता केला. जुलै १९१४मध्ये सर्बियाला धाडलेल्या निर्वाणीच्या खलित्याचा मसुदा मुसुलिन या क्रोएट, म्हणजे सर्बांसारख्याच स्लाव वंशाच्या, बॅरनने लिहिला. आंद्राशीचं प्रकरण मात्र एवढं सरळ नाही. १८७८मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने बोस्नियाचा ताबा पदरात पाडून घेतला, आणि आणखी स्लाव प्रजा नकोशी असलेले हंगेरियन खवळले. पण मोठं स्लाव राज्य उभं राहणं हंगेरीला त्याहून घातक, असा त्याचा हिशेब होता. ही सम्राटाशी निष्ठा की हंगेरीशी? मला तर दोन्ही एकाच वेळी दिसतात.

यामागे वर्गाचा भाग मोठा. या नोकरीत वरच्या जागा बहुतांशी सरदार घराण्यांकडे, कारण पगारावर तो थाट निभत नसे, घरचा पैसा लागे. फ्रेंच सगळ्यांना येई, सोयरिकी देशोदेशी. नेमणूक सम्राटाची, मतदारांचा संबंध नाही. शिवाय कट्टर राष्ट्रवादी तरुण मुळात या वाटेला फारसा फिरकतच नसे. नमुनाच गाळून आलेला! त्यामुळे या अधिकाऱ्यांवरून सगळ्या पोल किंवा क्रोएट लोकांबद्दल अनुमान काढता येत नाही.

जन्माचा धोरणावर दिसावा तितका परिणाम दिसत नाही. इतरांच्या संशयावर मात्र दिसतो. गोउखोव्स्कीवर हंगेरीच्या पुढाऱ्यांचा राग होता, आणि १९०६मध्ये त्याला पायउतार व्हावं लागलं.

१९१८मध्ये साम्राज्य मोडलं तेव्हा या मंडळींपैकी अनेकांना नवा देश शोधत बसावं लागलं नाही. व्हिएन्नाच्या सेवेत घडलेला अलेक्झांडर स्क्शिन्स्की पोलंडचा परराष्ट्रमंत्री आणि १९२५मध्ये पंतप्रधान झाला. त्याच खात्यातला काल्मान कान्या १९३३पासून हंगेरीचं परराष्ट्र खातं सांभाळू लागला.