ल्युपस : नाव, रुग्णांची चळवळ आणि संशोधन

ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते असा आयुष्यभर सोबत राहणारा आजार. डॉक्टर लोक एसएलई (सिस्टेमिक ल्युपस एरिथेमाटोसस) म्हणतात, मराठीत रुळलेला शब्द नाही, त्यामुळे नातेवाइकांना सांगताना 'संधिवातासारखंच काहीतरी' एवढ्यावर विषय संपतो. सांधे, त्वचा, किडनी, रक्त, मेंदू, कुठेही त्रास होऊ शकतो. १० रुग्णांमागे साधारण ९ बायका, आणि त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या किंवा लेकुरवाळ्या.

नाव लॅटिन, अर्थ लांडगा. ते आजाराला कधी चिकटलं यावर एकमत नाही. बरेच संदर्भग्रंथ इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकपरंपरेतल्या रोजेरियस या शल्यवैद्याला श्रेय देतात, म्हणजे बारावं-तेरावं शतक. पण फ्रान्समधल्या तूर्सच्या संत मार्टिनच्या चमत्कारांच्या हकिकतींमध्ये लीएजच्या (आजच्या बेल्जियममधल्या) एका बिशपाचा 'लुपस' बरा झाल्याचं वर्णन येतं आणि ते दहाव्या शतकातलं मानतात, तेव्हा शब्द त्याआधीच वापरात असावा हे मत जास्त पटण्यासारखं आहे. अर्थात त्या बिशपाला झालेला रोग आजचा ल्युपसच होता असं यावरून सिद्ध होत नाही, मांस खात जाणाऱ्या कुठल्याही जखमेला त्या काळी हेच नाव देत आणि त्यातले कितीतरी रोगी त्वचेच्या क्षयाचे असावेत. चेहरा लांडग्यासारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं असंही सांगतात, पण मध्ययुगीन वैद्य पायांवरच्या व्रणांनाही लुपस म्हणत, त्यामुळे लांडग्याने लचका तोडल्यासारखी जखम हाच अर्थ मुळातला वाटतो.

पुढे पॅरिसच्या काझेनाव्ह या त्वचारोगतज्ज्ञाने १८५१ च्या सुमारास 'ल्युपस एरिथेमाटो' हे नाव दिलं (वर्णन त्याचे गुरू बिएट यांचं, ते १८३३ मध्येच छापलं गेलं होतं). व्हिएन्नाच्या हेब्राने १८४५ मध्ये गालांवरच्या लालीला फुलपाखराची उपमा दिली आणि त्याचा जावई कापोसी याने १८७२ मध्ये ताप, वजन घटणं, सांधे सुजणं हे सगळं मांडून रोग फक्त कातडीचा नाही हे दाखवलं. तरी नावाचा घोळ संपला नाही. निल्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं ते प्रकाशकिरणांनी 'ल्युपस' बरा करण्यासाठी, पण तो ल्युपस व्हल्गारिस म्हणजे त्वचेचा क्षय. एसएलईमध्ये नेमकं उलटं, ऊन लागलं की आजार उफाळतो. जुनी पुस्तकं वाचताना हा फरक विसरता कामा नये. आपल्याकडे गाडीवर जाताना मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतातच, पण या आजारात तेवढ्याने भागत नाही, सनस्क्रीनही लागतं.

निदानाला खरा आधार १९४८ मध्ये मिळाला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्ह्स आणि सहकाऱ्यांनी एलई पेशी (दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेली पांढरी पेशी) ओळखली तेव्हा, आणि दहा वर्षांच्या आत एएनए तपासणीचा, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या रक्ततपासणीचा, पाया पडला. मात्र एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस असं नाही, निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते, नुसता रिपोर्ट बघून रडारड करू नये.

भारतात किती रुग्ण? नेहमी दिला जातो तो आकडा मालवीय आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधल्या पाहणीचा, दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातला, लाखामागे साधारण ३. एवढ्या लहान आकड्यावर देशाचा हिशोब मांडणं धोक्याचं. महाराष्ट्रात १९९६ मध्ये पुण्याजवळच्या भिगवणला कॉपकॉर्ड ही संधिवाताच्या आजारांची पाहणी झाली, तिने सांधेदुखी-अंगदुखीचं गावपातळीवरचं चित्र दिलं. पण लाखात ३ हा दर धरला तर काही हजारांच्या गावात ल्युपसचा एकही रुग्ण सापडला नाही तरी नवल नाही.

रुग्णसंघटनांमध्ये ल्युपस फाउंडेशन ऑफ अमेरिका १९७७ ची. न्यूयॉर्कची ल्युपस रिसर्च अलायन्स २०१६ मध्ये तीन संस्था एकत्र होऊन झाली. १० मे हा जागतिक ल्युपस दिन २००४ पासून पाळतात, रंग जांभळा.

या संघटनांचा कस लागला २०२० मध्ये. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसची रोजची गोळी, मूळची मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली. कॅनडातल्या १९९१ च्या चाचणीत ती बंद केलेल्यांमध्ये आजार उफाळण्याचा धोका चालू ठेवलेल्यांपेक्षा अडीच पट दिसला होता. आणि मार्च २०२० मध्ये कोविडवर चालेल म्हणून जगभर तिच्यावर उड्या पडल्या, आपल्याकडे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून सुचवली, सरकारने निर्यात रोखली, मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा कडक नियम आला, आणि जिला ती वर्षानुवर्षं रोज लागते तिने मात्र दुकानादुकानांत फिरायचं. संघटनांनी तेव्हा एकच धरून ठेवलं, नेहमीच्या रुग्णांचा साठा राखून ठेवा. ५ जून २०२० ला ब्रिटनच्या रिकव्हरी या कोविडच्या औषधांवरच्या चाचणीने दवाखान्यात दाखल रुग्णांना तिचा फायदा नाही असं जाहीर केलं. गोळी चालू असताना डोळ्यांचा पडदा मात्र तपासत राहावा लागतो. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी अशी शिफारस आहे, जास्त धोका असेल तर त्याआधीपासून.

हक्कांच्या बाबतीत भारतात मोठी उणीव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, हिमोफिलिया आहे, सिकल सेल आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, ल्युपस स्वतंत्रपणे नाही. सांधे किंवा नजर कायमची गेली तर त्या प्रकाराखाली दाखला मिळू शकतो, पण थकवा आणि अधूनमधून उफाळणारा आजार कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि नोकरी जाते ती बहुतेक त्यामुळेच. यात बदल व्हायलाच हवा.

औषधांत पन्नासहून जास्त वर्षं नवीन काही आलं नव्हतं, मग २०११ मध्ये अमेरिकेत बेलिमुमॅबला मंजुरी मिळाली, २०२१ मध्ये किडनीसाठी व्होक्लोस्पोरिन आणि त्यानंतर अ‍ॅनिफ्रोल्युमॅब. सध्या सगळ्यात जास्त चर्चा कार-टी पेशींची, म्हणजे ठरावीक पेशींवर हल्ला करतील अशा बदललेल्या टी पेशींची (टी पेशी या रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी). जर्मनीत एर्लांगेनला गेऑर्ग शेट आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच टी पेशी बदलून पृष्ठभागावर सीडी१९ हे प्रथिन असलेल्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) नष्ट केल्या, २०२१ मध्ये एका तरुणीचा, २०२२ मध्ये पाच जणांचा आणि २०२४ मध्ये ल्युपसच्या आठ जणांचा अनुभव छापला, आणि या आठही जणांचा आजार शांत झाला, इतर औषधं बंद करता आली. संख्या लहान आहे, काळही थोडा, त्यामुळे 'बरा झाला' हा शब्द तज्ज्ञ अजून जपून वापरतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारपद्धतीला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, तिचंही लक्ष्य सीडी१९ च आहे, पण ती मंजुरी रक्ताच्या कर्करोगांसाठी होती, ल्युपससाठी नाही.