वकील मोफत मिळाला, पण तपासणीची फी कोण देणार?

(आमच्याकडे, म्हणजे हस्ताक्षर-तज्ज्ञांकडे, सही, हस्ताक्षर आणि अंगठ्याच्या ठशाच्या तपासणीसाठी येणारे पक्षकार व वकील यांच्यासाठी)

"वकील कोर्टानं दिलाय, म्हणजे तुमचे पैसे पण कोर्टच देणार की ओ!" असं म्हणत आमचा जिना चढणारे बरेच असतात. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. ही मदत वकिलापुरती नाही. कोर्ट फी, प्रोसेस फी (समन्स-नोटीस बजावण्याची), नकला आणि खटल्यासाठी लागणारा इतर खर्च त्यात येतो. मात्र फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३०४) सरकारी खर्चानं वकील द्यायचं लिहिलंय, तज्ज्ञाचं नाव तिथं नाही. त्यामुळे आमची फी 'इतर खर्च' म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावी लागते. तीही काम सुरू होण्याआधी.

घोळ इथंच होतो. मागं एक बाई आल्या. नवरा यंत्रमागावरचा कामगार, कारागृहात. हातउसन्या पैशाच्या पावतीवर त्याची तेलुगूत सही, आणि 'ही माझी नाही' असं त्याचं म्हणणं. तारीख जवळ होती म्हणून आम्ही आधी अहवाल केला, बिल नंतर पाठवलं. ते परत आलं: पूर्वमंजुरी जोडलेली नाही. चूक आमचीही होतीच. तेव्हापासून मंजुरीचा कागद बघितल्याशिवाय आम्ही भिंग हातात घेत नाही. कुणाला हे कडक वाटतं, वाटू दे.

तर आधी वकिलांना, म्हणजे लोक अभिरक्षक कार्यालयातून (आरोपींना मोफत वकील देणारं विधी सेवेचं कार्यालय) मिळालेल्या वकिलांनाच, आमच्याकडे पाठवा. खर्चाचं अंदाजपत्रक आम्ही लेखी आणि विनामूल्य देतो, शक्यतो त्याच दिवशी. ते जोडून त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मूळ कागद कोर्टाच्या ताब्यात असेल तर तो बघायची परवानगी कोर्टाकडे वेगळी मागावी. झेरॉक्सवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर आम्ही मत देत नाही. पेनाचा दाब त्यात दिसत नाही. जुळवणीसाठी त्याच काळातल्या सह्या हव्यात: बँकेचा फॉर्म, सोसायटीचं रजिस्टर, पगारपत्रक. आज मुद्दाम करून आणलेल्या सह्या त्यांची जागा घेत नाहीत.

अहवालाची फी आणि साक्षीला येण्याचा खर्च वेगवेगळे धरा. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० खाली कोर्ट साक्षीदाराला सरकारकडून वाजवी खर्च द्यायला सांगू शकतं, पण तो हजर राहण्याचा खर्च. अहवालाचे पैसे त्यातून निघत नाहीत. अंदाजपत्रकात आम्ही दोन्ही आकडे सुटे लिहितो, नंतर वाद नको म्हणून.

'निकाल लागल्यावर देतो' हे आम्ही घेत नाही. उलटतपासणीत सरकारी वकील हमखास विचारतात, "फी किती घेतली? कुणी दिली?" मंजुरीचा आदेश आणि पावती दाखवली की तो विषय तिथंच मिटतो. मत आरोपीच्या विरुद्ध गेलं तरी फी तीच. तेलुगू आणि कन्नड सह्यांचं काम आमच्याकडे नेहमीचं आहे.

पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटहून येणार असाल तर आधी फोन करा. साक्ष असली की आम्ही दुपारपर्यंत कोर्टातच असतो.