बेला गुटमान

बेला गुटमान (1899, बुडापेस्ट – 28 ऑगस्ट 1981, व्हिएन्ना) : हंगेरियन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. लिस्बनच्या बेन्फिका क्लबला 1961 व 1962 असा सलग दोनदा युरोपियन कप (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकून दिला. एका ठिकाणी तो क्वचितच टिकला. प्रशिक्षकाला तिसरा हंगाम घातक ठरतो, असे त्याचे ठाम मत होते.

नृत्यशिक्षक ज्यू आईवडिलांचा हा मुलगा. एमटीके क्लबकडून मधल्या फळीत खेळला आणि 1922 मध्ये व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबात गेला. 1925 मध्ये हाकोआने ऑस्ट्रियन लीग जिंकली. पुढच्या वर्षी संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका सामन्याला सुमारे 46,000 प्रेक्षक आले. गुटमान तिथेच राहिला. चार पैसे जमवले, ते 1929 च्या मंदीत गेले.

पुढे तो प्रशिक्षक झाला. 1939 मध्ये त्याच्या हाताखाली बुडापेस्टच्या उयपेश्त क्लबने हंगेरियन लीग आणि मित्रोपा कप ही मध्य युरोपातील क्लबांची स्पर्धा जिंकली. मग युद्ध आले. काही काळ तो लपून राहिला, पुढे सक्तमजुरीच्या छावणीत सापडला आणि 1944 मध्ये तिथून निसटला. त्याचे वडील आणि बहीण वाचले नाहीत.

युद्धानंतर बुडापेस्टच्या किश्पेश्त क्लबात प्रशिक्षक असताना त्याची गाठ संघातील हंगेरियन आघाडीवीर फेरेंत्स पुश्काशशी पडली. एका सामन्यात बचावपटू पातीचा धसमुसळा खेळ पाहून गुटमानने मध्यंतरात त्याला बाहेर बसायला सांगितले. बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हती, म्हणजे उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा. पुश्काशने पातीला खेळत राहायला सांगितले. गुटमान प्रेक्षकांत जाऊन घोड्यांच्या शर्यतींचा अंक वाचत बसला आणि पुन्हा क्लबाकडे फिरकला नाही.

1955 मध्ये लीगमध्ये अव्वल असतानाच एसी मिलान या इटालियन क्लबने त्याला काढून टाकले. तेव्हापासून, संघ पहिल्या क्रमांकावर असताना आपल्याला काढता येणार नाही, अशी अट तो करारात घालून घेऊ लागला. 1957 मध्ये त्याने ब्राझीलच्या साओ पावलो क्लबला राज्य विजेतेपद मिळवून दिले. चार बचावपटू, दोन मधले, चार आघाडीचे ही 4-2-4 रचना ब्राझीलमध्ये रुजण्यात त्याचाही वाटा मानतात. ती एकट्याने नेली असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे आहे. या रचनेची गोम मधल्या दोघांत आहे. आघाडीचा एखादा खाली उतरला नाही, तर ते दोघे प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत सापडतात आणि बचावापुढे भगदाड पडते.

1959 मध्ये पोर्तो क्लबला पोर्तुगालची लीग जिंकून देऊन तो थेट बेन्फिकात आला. बऱ्याच जुन्या खेळाडूंना घरी पाठवून तरुणांना जागा दिली, मोझांबिकमधून आघाडीवीर युसेबियोला आणवले. 1961 च्या युरोपियन कपच्या बर्नमधील अंतिम सामन्यात बार्सिलोनावर 3-2 असा विजय मिळाला. बार्सिलोनाचे दोन्ही गोल कोचिश आणि त्सिबोर या हंगेरियनांचे. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला रेआल माद्रिदच्या पुश्काशने पूर्वार्धातच तीन गोल ठोकले आणि मध्यंतराला बेन्फिका 2-3 ने मागे होती. गुटमानने आपल्या कावेमला रेआलच्या दि स्तेफानोच्या मागे लावले, त्यामुळे पुश्काशकडे चेंडू पोचणे आटले. कोलुनाने बरोबरी साधली, युसेबियोने दोन गोल केले, 5-3.

विजयानंतर त्याने जास्त पैसे मागितले, संचालकांनी नाकारले, तो निघून गेला. ‘शंभर वर्षे बेन्फिका युरोपात जिंकणार नाही’ हा शाप त्याने तेव्हा दिला, अशी आख्यायिका आहे. 1963 ते 2014 या काळात बेन्फिकाने युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने गमावले, हे मात्र खरे. 1965 मध्ये तो स्वतःच परत आला, पण त्या हंगामात लीग हातची गेली आणि मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन 5-1 असा धुव्वा उडवला.

1990 मध्ये बेन्फिकाचा युरोपियन कपचा अंतिम सामना व्हिएन्नात होता. त्याआधी युसेबियोने तिथल्या गुटमानच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली. बेन्फिका 0-1 ने हरली. समोर एसी मिलान होता.