जुनं सीबीएस की नवं? नाशिकला एसटीने येणाऱ्यांसाठी

"मावशी, अगं मी सीबीएसलाच उभी आहे."

"अगं मग मी काय दुसरीकडे आहे का? कंडक्टर सीबीएस सीबीएस ओरडला, तेव्हाच उतरले."

"समोर काय दिसतंय तुला?"

"रसवंती."

एसटी स्टँडवर समोर रसवंती दिसणं म्हणजे देवळात घंटा दिसण्यासारखं. त्यावरून काय ओळखणार! नारायणगावहून आलेली माझी मावशी टोमॅटोची जड पिशवी पायाशी धरून उन्हात उभी, आणि मी तिच्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर, दुसऱ्याच स्टँडच्या दाराशी. दोघीही खरं बोलत होतो. पाऊण तासाने भेट झाली तेव्हा पिशवीच्या बंदांचे लाल वळ तिच्या बोटांवर उमटले होते. ते वळ मला अजून आठवतात, म्हणून हे लिहितेय.

नाशिकला सीबीएस म्हणजे सेंट्रल बस स्टँड, पण त्या नावाची स्टँड दोन आहेत. पहिलं जुनं सीबीएस. दुसरं ठक्कर बाजार, ज्याला अर्धं शहर नवं किंवा नवीन सीबीएस म्हणतं. इथल्या माणसाने नुसतं 'सीबीएस' म्हटलं तर बहुतेक वेळा त्याच्या मनात जुनं असतं. पुण्याच्या गाडीचा कंडक्टर तेच म्हणतो तेव्हा त्याची गाडी ठक्कर बाजारला लागणार असते. रिक्षावाले दिवसभर हाच घोळ बघतात, म्हणून बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "जुनं का नवीन?" त्यावर "कुठलंही चालेल" म्हणू नका.

ओळख सोपी आहे. जुन्या सीबीएसच्या बाहेर आलात की रस्त्यापलीकडे जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय. काळे कोट, स्टँप पेपर, टंकलेखनाची टेबलं आणि फायली काखेत धरलेली माणसं दिसली की समजायचं, जुन्यावर आहोत. ठक्कर बाजार त्र्यंबक नाक्याकडे, जिल्हा रुग्णालयाच्या बाजूला. नाव तिथल्या व्यापारी संकुलावरून पडलंय. फोनवर मावशीला "समोर कोर्ट आहे का?" एवढंच विचारलं असतं तरी सगळं मिटलं असतं.

दोन्हींचा स्वभावही वेगळा आहे, आणि तो कळला की नावं आपोआप लक्षात राहतात. जुनं सीबीएस जिल्ह्याचं. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूच्या माणसाच्या तोंडी 'नाशिकला जायचं' म्हणजे या स्टँडवर उतरायचं. सकाळच्या गाडीने यायचं, कोर्टाची तारीख किंवा दाखल्याचं काम उरकायचं, शालिमारला नाहीतर एमजी रोडला थोडी खरेदी करायची आणि दिवेलागणीच्या आत परत गाडी धरायची. हे सगळं पायी होतं. जुन्या सीबीएसची खरी श्रीमंती ही आहे, आणि ती मोजायला कुठलाही रंगरंगोटीचा निकष पुरत नाही. जागा मात्र अपुरी. गाडी आत वळताना आणि बाहेर निघताना चौकातल्या गर्दीशी तिची रोजची झटापट असते.

ठक्कर बाजार लांब पल्ल्याचं. पुणे, छत्रपती संभाजीनगर, धुळे अशी नावं इथल्या पाट्यांवर असतात. प्रवासी बॅगा घेऊन आलेला, बराचसा आरक्षण करून आलेला, घड्याळाकडे बघणारा. आवार मोठं, त्यामुळे गाडी फलाटाला नीट लागते आणि आपल्यालाही चार पावलं मागे सरकायला जागा मिळते. याच्याच शेजारी नव्याने बांधलेलं मेळा बसस्थानक आहे, तेव्हा आता "नवीन सीबीएस" म्हटलं तरी नवखा माणूस मेळ्याच्या इमारतीकडे बोट दाखवतो. म्हणून माझी विनंती आहे, 'नवीन' हा शब्दच सोडा. 'जुनं सीबीएस', 'ठक्कर', 'मेळा' अशी तीन वेगळी नावं घ्या. मुंबई-ठाण्याकडचं असेल तर मुंबई नाक्याजवळचं महामार्ग स्टँड हे चौथं, आणि रेल्वे स्टेशनबाहेरचं नाशिकरोड हे पाचवं. पंचवटीतलं निमाणी आहेच. गाड्यांची जागा सोयीनुसार इकडची तिकडे होते, तेव्हा आरक्षणाच्या तिकिटावर चढायचं ठिकाण काय लिहिलंय ते घरून निघतानाच वाचा.

बऱ्याच जणांच्या तोंडी आणखी एक शब्द असतो, डेपो. "डेपोत उतरलो." डेपो म्हणजे आगार. तिथे गाड्या धुतात, डिझेल भरतात, दुरुस्त होतात, रात्री उभ्या राहतात. काही गावांत स्टँड आणि आगार एकाच आवारात असतं म्हणून हा शब्द रुळला. नाशिकमध्ये तसं धरून चाललात तर पंचाईत होईल.

आता चांगलं स्टँड कुठलं आणि वाईट कुठलं, यावर गाडीत बसलेल्या कुणालाही विचारा, उत्तर फरशी, पंखे आणि रंगावर येतं. मला ते पटत नाही. नव्या माणसाला कुणालाही न विचारता आपली गाडी सापडते का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा, बाईमाणसाला अंधार पडल्यावर तिथलं स्वच्छतागृह वापरता येतं का. तिसरा, गाडी चुकली तर पुढची कधी आहे हे कुणी धड सांगतं का. बसायला बाक आणि प्यायला पाणी हे त्यानंतर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

या हिशेबाने मला कोल्हापूरचं मध्यवर्ती स्टँड आवडतं. रेल्वे स्टेशनाच्या जवळ असल्यामुळे बॅग ओढत गेलं तरी चालतं आणि शहरात पाय ठेवल्या ठेवल्या रिक्षाशी घासाघीस करावी लागत नाही. नाशिककरांना पुण्यातलं शिवाजीनगर मात्र चांगलंच शिकवून गेलं. मेट्रोच्या कामामुळे 2019 च्या अखेरीस ते स्टँड वाकडेवाडीला हललं, पण तोंडातलं नाव शिवाजीनगरच राहिलं. आपली कितीतरी माणसं "शिवाजीनगरला उतरतो" म्हणून निघाली आणि घ्यायला आलेला भाचा जुन्या जागी उभा राहिला. आमच्या सीबीएससारखाच प्रकार, फक्त उलटा. इथे एका नावाची दोन स्टँड, तिथे एका स्टँडच्या दोन जागा.

आणि वाईट? दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संध्याकाळी साडेसातला अडकले होते. इमारत नवी, दर्शनी भाग देखणा. फलाटावरच्या पाट्या पावसाने पुसलेल्या, चौकशीची खिडकी बंद, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. शेजारी एक लेकुरवाळी बाई बसली होती. ती बाळाला पाजण्यासाठी भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिच्या सासूने लुगड्याचा पदर आडवा धरला. कितीतरी स्टँडवर हिरकणी कक्षाची पाटी असते. इथेही होती, पण दार उघडत नव्हतं. त्या रात्रीपासून मी कुठलंही स्टँड त्याच्या कमानीवरून ओळखत नाही.

जुनं सीबीएस आणि ठक्कर यांची तुलना मी याच तीन प्रश्नांवर करते. गाडी सापडण्यात जुनं पुढे आहे, आणि ते पाट्यांमुळे नाही, माणसांमुळे. "त्र्यंबक लागली का?" असं हवेत विचारलं तरी चार दिशांनी उत्तर येतं, कारण तिथला निम्मा प्रवासी रोजचा. ठक्करला शेजारी उभा असलेला माणूसही तुमच्यासारखाच परका, त्यामुळे पाटी आणि घोषणा यांच्यावरच भिस्त, आणि गर्दीच्या वेळी भोंग्यातला आवाज गाड्यांच्या घरघरीत विरतो. फलाटाच्या जवळच थांबा, चहाला लांब जाऊ नका. रात्रीसाठी मात्र मी ठक्करच सांगेन. लांबच्या गाड्यांमुळे तिथे उशिरापर्यंत वर्दळ असते, बाहेर रिक्षा असतात, दवाखाना जवळ आहे. जुन्यावर गावाकडच्या गाड्या निघून गेल्या की आवार लवकर ओसरतं.

हे सगळं एवढ्या तळमळीने सांगायचं कारण, एसटीत आता एकट्या प्रवास करणाऱ्या बायका खूप दिसतात. मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि 75 च्या पुढच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत. ज्या बायका पूर्वी कुणीतरी सोबत असल्याशिवाय गाव सोडत नव्हत्या, त्या आता लेकीकडे, माहेरी, देवाला एकट्या जातात. त्यांच्यातल्या अनेकींच्या हातात साधा बटणाचा फोन असतो. त्यांना नकाशा पाठवून उपयोग नाही. त्यांना तोंडी खूण लागते. 2027 च्या सिंहस्थाला तर अशी माणसं किती येतील याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हा गाड्या कुठून सुटतील ते ठरवणारे ठरवतील, पण स्टँडच्या दारावर मोठ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली "दुसरं स्टँड या दिशेला, पायी इतकी मिनिटं" असा बाण, एवढं आजही करता येण्यासारखं आहे.

तोवर पाहुण्यांना सांगताना मी तीन गोष्टी सांगते. गाडीत बसल्यावर कंडक्टरला विचार, "सीबीएस म्हणजे ठक्कर ना?" उतरल्यावर जागा सोडू नकोस. आणि फोन केलास की रसवंती सांगू नकोस, कोर्ट दिसतंय की दवाखाना ते सांग.

मावशी गेल्या दिवाळीत परत आली. फोन वाजला, मी हॅलो म्हणायच्या आत तिकडून आवाज, "ठक्करला उतरलेय. दवाखान्याच्या बाजूला. आणि ह्या वेळी पिशवी हलकी आहे, सावकाश ये."