‘मी’ घडतो कसा, आणि कधीपर्यंत?

नवजात बाळाच्या गालाला दुसऱ्या कुणाचे बोट लागले, की ते तोंड त्या बाजूला वळवते आणि दूध शोधू लागते. पण त्याच गालाला त्याचा स्वतःचा हात लागला, तर हे वळणे बरेच कमी होते. फिलिप रोशा आणि सुसन हेस्पॉस यांनी १९९७ मध्ये हे दाखवून दिले. स्वतःच्या स्पर्शात गाल आणि हात अशा दोन ठिकाणांहून एकाच वेळी संवेदना येतात, परक्या स्पर्शात ती एकाच ठिकाणी उमटते, आणि जन्माला येऊन एक दिवसही न झालेल्या बाळाला एवढा फरक कळतो. याला आत्मभान म्हणणे धाडसाचे ठरेल. आपले शरीर कुठे संपते आणि बाहेरचे जग कुठे सुरू होते, एवढीच ती जाणीव आहे. तरीही पुढे ‘मी’ म्हणून जे काही उभे राहते, त्याचा पाया इथेच घातला जातो.

आरशातला चेहरा आपलाच आहे हे उमगायला मात्र दीड ते दोन वर्षे जावी लागतात. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर आरशाचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये ब्यूला ॲमस्टरडॅम यांनी तशाच प्रकारची लहान मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. मुलाच्या नकळत त्याच्या नाकावर रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर आणायचे, एवढीच ती चाचणी. वर्षाचे मूल आरशातल्या ‘दुसऱ्या’ बाळाकडे पाहून हसते, हात पुढे करते, कधी आरशामागे डोकावते. विसाव्या महिन्यानंतर मात्र बहुतेक मुलांचा हात आरशाकडे न जाता थेट स्वतःच्या नाकाकडे जातो, आणि साधारण याच काळात त्यांच्या चेहऱ्यावर संकोचही दिसू लागतो. आपल्याकडे कुणी पाहते आहे हे कळल्याखेरीज लाजता येत नाही, म्हणून हे दोन्ही बदल एकाच सुमारास दिसावेत हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तरीही या चाचणीला अंतिम निकाल मानू नये. केनियात केलेल्या एका अभ्यासात तिथल्या बऱ्याच मोठ्या मुलांनीही ठिपक्याला हात लावला नाही. ती ठिपका पाहून नुसती स्तब्ध उभी राहिली. त्यावरून त्यांना स्वतःची ओळख नव्हती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण अनोळखी प्रसंगात मूल काय करते हे त्याला कसे वाढवले आहे यावरही अवलंबून असते.

आरशात स्वतःला ओळखणाऱ्या मुलाला ‘मघाचा मी’ आणि ‘आत्ताचा मी’ एकच आहेत हे तरी ठाऊक असते का? डॅनियल पोव्हिनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. खेळता खेळता मुलाच्या डोक्यावर गुपचूप स्टिकर चिकटवले आणि काही मिनिटांनी त्या खेळाचे चित्रीकरण त्यालाच दाखवले. तीन वर्षांची बहुतेक मुले पडद्यावरच्या मुलाचे नाव बरोबर सांगत, म्हणजे स्वतःचेच नाव घेत, आणि तरीही आपल्या डोक्याला हात लावून पाहत नसत. चार वर्षांची बहुतेक मुले लगेच हात वर नेऊन स्टिकर काढत. काळाच्या ओघात टिकून राहणारा ‘मी’ असा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दरम्यान आकाराला येतो. मोठेपणी आठवणारी आपली सर्वांत जुनी आठवणही सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या वयातलीच निघते, आणि त्यामागे मेंदूतील हिप्पोकॅम्पस या आठवणी साठवण्यास मदत करणाऱ्या भागाची अपुरी वाढ, भाषेची मर्यादा आणि आठवणी ज्याच्या नावे जमा व्हाव्यात त्या ‘मी’ची अपूर्णता अशी अनेक कारणे एकत्र काम करतात.

पौगंडावस्थेत या सुट्या आठवणींतून सलग जीवनकथा गुंफता येऊ लागते. ‘त्या प्रसंगामुळे मी असा झालो’ असे कार्यकारणाचे वाक्य दहा वर्षांचे मूल क्वचितच उच्चारते. सोळाव्या वर्षी ते सहज तोंडी येते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या माणसाच्या विकासाच्या आठ टप्प्यांत ‘मी कोण?’ हा प्रश्न याच वयाच्या वाट्याला आला. त्यांच्या मांडणीचे मोठेपण माझ्या मते या प्रश्नापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे: विकास बालपणी आटोपत नाही, तो म्हातारपणापर्यंत चालतो, हे त्यांनी ठामपणे सांगितले. पुढच्या संशोधनाने त्याला दुजोरा दिला. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दीर्घकाळ चाललेल्या ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विशेषतः वीस ते चाळीस या वयात माणसाची शिस्त आणि भावनिक स्थैर्य वाढत जाते असे दिसले. स्वभावाला औषध नसते असे आपण म्हणतो खरे, पण स्वभाव बदलतो, फक्त इतका संथपणे की ज्याचा बदलतो त्याच्याच ते लक्षात येत नाही. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १९,००० हून अधिक लोकांची उत्तरे तपासली, तेव्हा मागच्या दहा वर्षांविषयी विचारलेली माणसे आपण बरेच बदललो असे सांगत होती, तर पुढच्या दहा वर्षांविषयी विचारलेली माणसे आपण त्या मानाने फारसे बदलणार नाही असे सांगत होती, आणि हे सर्व वयोगटांत आढळले.

इथवर आठवणींवर एवढा भर दिल्यानंतर, आठवण गेली की माणूसही गेला असे वाटणे स्वाभाविक आहे. के. सी. या नावाने ओळखला जाणारा कॅनडातील एक रुग्ण या समजुतीला छेद देतो. १९८१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवेनासा झाला. उद्या काय करशील असे विचारले तरी त्याच्या मनापुढे काही येत नसे. अपघातानंतर त्याचा स्वभावही बदलला, पूर्वीचा मोकळा माणूस शांत झाला. स्मृतीचे अभ्यासक एंडेल टल्व्हिंग यांनी त्याला आणि त्याच्या आईला त्याच्या स्वभावाचे वर्णन करायला सांगितले, तेव्हा त्याने केलेले वर्णन आईने केलेल्या त्याच्या नव्या स्वभावाच्या वर्णनाशी जुळले. एकही प्रसंग हाताशी नसताना आपण आता कसे आहोत हे त्याला कळले होते, म्हणजे स्वतःविषयीचे ज्ञान प्रसंगांच्या आठवणींपासून वेगळेही साठत असते.

नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये हाच प्रश्न मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांत नातेवाइकांकडून तपासला. अल्झायमरमध्ये स्मृती ढासळते, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांच्या ऱ्हासात, सहानुभूती, प्रामाणिकपणा, लाजलज्जा यांच्यावर आधी घाला पडतो. ‘हा आमचा माणूस राहिला नाही’ ही भावना दुसऱ्या आजाराच्या रुग्णांच्या कुटुंबांत अधिक तीव्र होती, आणि तिचा सर्वांत जवळचा संबंध नैतिक वागणुकीतील बदलाशी होता. ज्या घरात अल्झायमरचा रुग्ण आहे, तिथे नाव विसरलेल्या माणसाचा मायाळूपणा, भिडस्तपणा किंवा इतरांविषयीची काळजी पुष्कळदा बराच काळ टिकून असते, आणि घरची माणसे त्याला ओळखतात ती त्यावरूनच.