खजुराला पाणी दाखवू नका

जुलैमध्ये भाचीचा मुंबईच्या हॉस्टेलवरून फोन आला. "मावशी, लाडू नासले गं. पाचव्या दिवशी डबा उघडला तर आंबूस वास, आणि खालच्या थराला पांढरी लव." अर्धा किलो खजूर, बदाम, काजू, अक्रोड, सगळं तिने स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. कृती मोबाइलवरच्या एका व्हिडिओतली. गॅस नको, पाक नको, मिक्सर फिरवा आणि लाडू वळा. मी विचारलं, "पाणी कुठे लागलं?" ती म्हणाली, "पाणी घातलंच नाही. खजूर तेवढा रात्रभर कोमट पाण्यात भिजवला होता, मिक्सरला जड जाऊ नये म्हणून."

घात तिथेच झाला होता. हा भिजवण्याचा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. एनर्जी बॉल म्हणा, एनर्जी बार म्हणा, वस्तू आपल्या ओळखीचीच: खजूर आणि सुकामेवा कुटून वळलेला गोळा. दोन दिवसांत संपवायचा असेल तर भिजवलेला खजूरही चालतो. पण डब्यात भरून ठेवायचा असेल तर खजुराने स्वतः जी तजवीज करून ठेवलेली असते ती आपण एका रात्रीत मोडून टाकतो. ती तजवीज इतकी देखणी आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक कोडं. गहू साठवताना त्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. २१ टक्के ओलाव्याचा गहू पोत्यात भरला तर तो आतून तापतो आणि बुरशीने काळा पडतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मऊ खजुरात मात्र १०० ग्रॅममागे सुमारे २१ ग्रॅम पाणी असतं आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. पाणी तेवढंच, मग एकाला बुरशी का आणि दुसऱ्याला का नाही?

कारण पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा ते किती मोकळं आहे याला महत्त्व असतं. साखरेचा प्रत्येक रेणू भोवतीच्या पाण्याच्या काही रेणूंना धरून ठेवतो. धरलेलं पाणी सहज वाफ होऊन उडत नाही आणि जंतूंच्याही हाती लागत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की काकडीतलं पाणी बाहेर येतं. खजुरावर पडलेल्या जंतूच्या पेशीचीही तीच गत होते, त्याच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्याची वाढ थांबते.

ही मोकळीक मोजता येते. बंद डब्यात पदार्थावर पाण्याच्या वाफेचा जो दाब तयार होतो, त्याला त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्यावरच्या वाफेच्या दाबाने भागायचं. येणाऱ्या आकड्याला जलसक्रियता, म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १, पूर्ण कोरड्या पदार्थाची ०. ऑस्ट्रेलियाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की जंतूंची वाढ एकूण पाण्यावर नाही, तर या आकड्यावर ठरते. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. बहुतेक बुरशा ०.८ च्या खाली थांबतात. साखरेत राहायला सरावलेली काही यीस्टं आणि कोरड्यात तग धरणाऱ्या मोजक्या बुरशा ०.६ पर्यंत टिकाव धरतात. त्याखाली कोणीच वाढत नाही.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. लाडू नासल्याचं कळल्यावर भाचीच्या मैत्रिणीची आई म्हणाली, "पाळीच्या दिवसांत केले असतील." लोणची, पापड, लाडू नासण्याचं खापर मुलींच्या अंगावर फोडण्याची ही रीत अजून आपल्या घरांतून गेलेली नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. बुरशीला पाणी लागतं, हवा लागते, अन्न लागतं. वळणाऱ्या बाईची तारीख तिला कळत नाही. हात स्वच्छ आणि कोरडे असले की झालं, मग ते कोणाचेही असोत.

आता खजुराच्या खऱ्या करामतीकडे येऊ. जून-जुलैत आपल्या बाजारात पिवळ्या-लाल ओल्या खारकांचे घोस येतात, ते बरेचसे कच्छचे. तिथे फळ झाडावर पूर्ण पिकायच्या सुमाराला पाऊस येऊन ठेपतो, म्हणून ते आधीच्या अवस्थेतच उतरवतात. ती खारीक सफरचंदासारखी करकरीत लागते. अरब देशांत या अवस्थेला खलाल म्हणतात. पुढे फळ मऊ पडून रुतब होतं आणि शेवटी सुकून तमर, म्हणजे आपला खजूर. या प्रवासात पाणी कमी होत जातं, हे दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की फळातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, प्रत्येक रेणू मधोमध कापत जातं. एका रेणूचे दोन होतात: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज.

वजन जवळपास तेवढंच राहतं, पण रेणूंची संख्या दुप्पट होते. आणि पाण्याला धरून ठेवण्याच्या हिशेबात संख्याच मोजली जाते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा-मारी राऊल्ट यांनी १८८० च्या दशकात हा नियम मांडला: द्रावणावरचा वाफेचा दाब एकूण रेणूंमध्ये पाण्याचे रेणू किती, या प्रमाणात असतो. करून पाहू. १०० ग्रॅम खजुरात २१ ग्रॅम पाणी. पाण्याचा रेणुभार १८, म्हणून २१ भागिले १८, म्हणजे १.१७ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचं माप). साखर सुमारे ६६ ग्रॅम. ती सगळी सुक्रोज असती, तर ६६ भागिले ३४२, म्हणजे ०.१९ मोल, आणि एकूण रेणूंत पाण्याचा वाटा, म्हणजेच जलसक्रियता, १.१७ भागिले १.३६, म्हणजे ०.८६. ही बुरशीची हद्द झाली. तीच साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटली की ६६ भागिले १८०, म्हणजे ०.३७ मोल. पाण्याचा वाटा १.१७ भागिले १.५४, म्हणजे ०.७६. पाण्याचा एक थेंबही बाहेर न जाता आकडा ०.८६ वरून ०.७६ वर आला, निव्वळ कापाकापीने. उलट प्रत्येक कापणीत पाण्याचा एक रेणूही खर्च होतो, तो मी धरलेला नाही. इतक्या दाट द्रावणात राऊल्टचा नियम अंदाजापुरताच चालतो. साखर प्रत्यक्षात याहून जास्त पाणी बांधते, शिवाय फळातला चोथाही थोडं धरतो. म्हणून मऊ खजुराची मोजलेली जलसक्रियता साधारण ०.६ ते ०.७ च्या दरम्यान येते.

मधमाशीही हेच करते. फुलातल्या रसाचं सुक्रोज ती इन्व्हर्टेजनेच फोडते आणि पंखांनी वारा घालून पाणी उडवते. म्हणून मध टिकतो. इन्व्हर्ट हे नावही गोड आहे. सुक्रोजच्या द्रावणातून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडला तर त्याचं प्रतल उजवीकडे वळतं, साखर फुटल्यावर ते डावीकडे वळू लागतं. प्रकाश उलटतो म्हणून ती उलटी साखर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे वळण मोजणाऱ्या पोलॅरिमीटरचा काटा शून्य ओलांडून पलीकडे जाताना मी पहिल्यांदा पाहिला, तो दिवस मला अजून आठवतो.

आता भिजवण्याचा हिशेब त्याच पाटीवर मांडा. १०० ग्रॅम खजुराने रात्रभरात २० ग्रॅम पाणी प्यायलं, असं धरू. पाणी ४१ ग्रॅम झालं, म्हणजे २.२८ मोल. साखर तीच, ०.३७ मोल. पाण्याचा वाटा ०.८६. फळाने अख्ख्या पिकण्यात कमावलेलं एका रात्रीत परत गेलं, आणि मुंबईच्या जुलैतली ऊब बुरशीला आयतीच मिळाली.

मग खजूर मऊ कसा करायचा? तो मऊच असतो, फक्त बाजारातून आणल्यावर गार आणि दडपलेला असतो. बिया काढा, बारीक चिरा आणि कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. तो आपसूक गोळा होऊन येतो. यामागे चिक्कीच्या उलट गोष्ट आहे. लोणावळ्याची चिक्की करताना गुळाचा पाक इतका आटवतात की थेंब पाण्यात टाकला तर कट्‌कन मोडतो. ती साखरेची काच असते, रेणू जागच्या जागी थिजलेले. खजुरात फ्रुक्टोज भरपूर आणि पाणी थोडं का होईना शिल्लक, त्यामुळे त्याची काच आपल्या घरातल्या तापमानाला होतच नाही. तो चिवट, रबरासारखा राहतो. ऊब दिली की आणखी सैल पडतो आणि दाण्यांच्या खाचांत शिरतो. पाक न करता लाडू बांधला जातो तो या गुणामुळे. गॅस पेटवायचाच नसेल तर चिरलेला खजूर झाकून उन्हात ठेवला तरी चालतो.

सुक्यामेव्याचं रसायन वेगळं. बदामात निम्मं वजन तेलाचं, अक्रोडात जवळजवळ दोन तृतीयांश. हे तेल पेशींमध्ये मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या आकाराच्या पिशव्यांत बंद असतं. मिक्सर जास्त फिरवला की पिशव्या फुटतात, तेल सुटतं, खजुराला दाणे धरवत नाहीत आणि गोळा हातातून निसटतो. म्हणून दाणे थांबत थांबत फिरवून जाडसर ठेवायचे. आणखी एक होतं. लाडवात पाणी जिथे जास्त मोकळं आहे तिथून कोरड्या जागेकडे सरकत राहतं, दोन्हीकडची जलसक्रियता सारखी होईपर्यंत. त्यामुळे पहिल्या दिवशी कुरकुरीत असलेला बदाम आठवड्याने मऊ लागतो. तो बिघडलेला नसतो. डिंकाच्या लाडवात आजी खारकेची पूड घालायची, ती याच सरकणाऱ्या पाण्याची सोय. कोरडी पूड खजुराचं पाणी ओढून घेते आणि सगळ्या गोळ्याचा आकडा खाली आणते. मी अर्धा किलो खजुराला वाटीभर घालते.

बेदाणे, सुकं अंजीर, सुकं खोबरं बिनधास्त घाला. तासगावचा बेदाणा म्हणजे पाणी काढण्याची आणखी एक युक्ती. द्राक्षाच्या सालीवर मेण असतं, ते पाणी अडवतं. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. मेणाचा थर मोडतो आणि पाणी लवकर उडतं. ओला नारळ, केळं, आंब्याचा रस मात्र या लाडवात नको. घातलाच तर त्याच दिवशी संपवा.

दाणे भाजून घ्या, हे मी चवीपुरतं सांगत नाही. कमी जलसक्रियतेने जंतू वाढत नाहीत, पण मरतातच असं नाही. साल्मोनेला कोरड्या बदामावर महिनोन्‌महिने तग धरू शकतो. अमेरिकेत कच्च्या बदामांतून लोक आजारी पडल्यावर २००७ पासून कॅलिफोर्नियाच्या बदामांवर जंतू मारण्याची प्रक्रिया सक्तीची झाली. आपल्या लाडवाला पुढे आच लागणारच नसते, म्हणून आधी दाण्यांना लागू दे.

आणि ते 'शुगर फ्री' पाकिटावरून खोडा. वरून साखर घातलेली नाही, हे खरं. पण हिशेब करा: २०० ग्रॅम खजूर आणि १५० ग्रॅम सुकामेवा घेतला तर २५ ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे १०० कॅलरी आणि १० ग्रॅमच्या आसपास साखर येते, म्हणजे दोन छोटे चमचे. सोबत चोथा, प्रथिनं, चांगलं तेल आहे, त्यामुळे बिस्किटापेक्षा तो केव्हाही बरा, गडावर जाताना तर उत्तमच. पण मधुमेह असलेल्या माणसाला 'यात साखर नाही' असं सांगून तीन लाडू खाऊ घालणं ही फसवणूक आहे.

भाचीने दुसऱ्यांदा लाडू केले तेव्हा मी तिला एक प्रयोग करायला सांगितला. मिठात जेमतेम भिजेल एवढं पाणी घालून त्याचा चिखल बरणीच्या तळाशी ठेवायचा, वर वाटीत लाडवाचा तुकडा आणि झाकण घट्ट. अशा ओल्या मिठावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेची राहते, म्हणजे ०.७५ जलसक्रियतेची. लाडू त्याच्या खाली असेल तर तो हवेतून पाणी ओढणार. तिने आठवड्याने फोटो पाठवला. बरणीतला तुकडा चकचकीत, चिकट झाला होता. डब्यातला लाडू होता तसाच. जुलैत मुंबईची हवा या बरणीपेक्षाही दमट असते. त्यामुळे डबा हवाबंद हवा, एकदा काढले की झाकण लगेच लावायचं, आणि फ्रिजमध्ये ठेवला असेल तर डबा बाहेर काढून तो खोलीइतका कोमट झाल्यावरच उघडायचा. नाहीतर गार लाडवावर दव धरतं. फ्रिज तरीही उपयोगाचा, कारण बुरशी टळली तरी अक्रोडाचं तेल हवेने खवट होत राहतं, आणि ते थंडीत सावकाश होतं. वास घेऊन पाहा. जुन्या तेलासारखा आला की तो लाडू खाऊ नका.